शेफील्डचे ‘लिट्ल मेस्टर’ आणि घडीचा चाकू

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात २०२१ साली स्टॅन शॉ यांचे वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले. चौदाव्या वर्षी जॉर्ज इबर्सन यांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करलेल्या या कारागिराने पुढची सुमारे आठ दशके एकच वस्तू घडविली, ती म्हणजे खिशात मावणारा घडीचा चाकू. २०१७ मध्ये त्यांना ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ देऊन गौरविण्यात आले. त्यांच्या चाकूसाठी जगभरचे संग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांचे वर्णन ‘शेवटचा लिट्ल मेस्टर’ असे केले. ते अगदी काटेकोर नव्हते, कारण शेफील्डमध्ये आजही मोजके लोक हे काम करतात. मात्र ज्या व्यवस्थेत शॉ शिकले ती व्यवस्था त्यांच्या हयातीतच संपली होती, एवढे त्यात निश्चितच खरे होते.

‘मास्टर’ या शब्दाचा शेफील्डच्या बोलीतील उच्चार ‘मेस्टर’. लिट्ल मेस्टर म्हणजे छोटा उस्ताद. स्वत:चा कारखाना नाही, भांडवल जेमतेम. एखादी खोली, कधी तर केवळ एक बाक किंवा धारेच्या दगडापुढची एक जागा भाड्याने घ्यायची, एकदोन उमेदवार हाताशी ठेवायचे आणि आपल्या वाट्याचे काम नगावर करून द्यायचे, असा हा व्यवसाय होता. शेफील्डचे नाव जगभर गेले ते मोठ्या पेढ्यांच्या छापामुळे. परंतु त्या छापाखालचे पाते अनेकदा अशाच कुणा अनामिक उस्तादाच्या खोलीतून आलेले असे.

पाच नद्या आणि एक दगड

डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली या पाच नद्या शेफील्डच्या परिसरातील टेकड्यांवरून वेगाने खाली येतात. त्यांच्या पाण्यावर पाणचक्क्या फिरत आणि चक्क्यांवर धार लावण्याचे दगड. हे दगडही जवळच्याच खाणींतील वालुकाश्माचे. भट्टीसाठी लाकूड आणि पुढे दगडी कोळसाही हाताशी होता. उत्तम लोखंड मात्र इथले नव्हते. चांगल्या पात्यासाठी स्वीडनहून लोखंडाच्या कांबी आणाव्या लागत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या एका कथेतील गिरणीवाल्याच्या अंगावर शेफील्डचा चाकू दाखविला आहे. याचा अर्थ हे नाव तेव्हाच इंग्लंडभर ओळखीचे झाले होते.

१६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही संस्था स्थापन झाली. हॅलमशायर म्हणजे शेफील्ड आणि भोवतालचा मुलूख. सात वर्षांची उमेदवारी केल्याखेरीज कोणी स्वतंत्र धंदा करू नये, प्रत्येकाने आपली खूण नोंदवावी आणि त्याच खुणेने माल विकावा, असे या संस्थेचे नियम होते. तिच्या प्रमुखाला ‘मास्टर कटलर’ म्हणतात. हे पद आजही दरवर्षी नव्या व्यक्तीकडे जाते आणि शहरात त्याचा मान मोठा आहे. १८१४ मध्ये मात्र धंद्यावरील निर्बंध कायद्यानेच उठविण्यात आले. त्यानंतर कोणीही उठून कारागीर होऊ शकत होता. लिट्ल मेस्टरांची संख्या भराभर वाढली ती यानंतर. आणि एकमेकांचे दर पाडण्याची स्पर्धाही.

मुशीतले पोलाद आणि मुंबईहून गेलेली वडी

जुन्या पद्धतीत स्वीडिश लोखंडाच्या कांबी लोणारी कोळशात घालून आठवडाभर तापवीत. कार्बन बाहेरून आत मुरत असे, पण सगळीकडे सारखा मुरत नसे. त्यामुळे एकाच पात्याचा एक भाग कडक आणि दुसरा मऊ निघे. डॉनकॅस्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. शेफील्डजवळच्या हँड्सवर्थ येथे १७४० च्या दशकात त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ही अडचण सोडविली. गंमत अशी, की शेफील्डच्या कारागिरांनी सुरुवातीला हे पोलाद नाकारले. ते फार कडक आहे, त्यावर काम करणे जड जाते, ही त्यांची तक्रार. हंट्समनने माल फ्रान्सला विकला. तिथले चाकू इंग्लंडमध्ये येऊन सरस ठरू लागले तेव्हा स्थानिकांचे डोळे उघडले, असे सांगितले जाते.

मुशीत पोलाद करण्याची कला भारतात याहून कितीतरी जुनी होती. दक्षिणेत आणि दख्खनमध्ये बनणाऱ्या या पोलादाला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईतील इंग्रज डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याच्या वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविल्या. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईतच बनते असे म्हटले आहे. वडी ज्या बंदरातून आली तेच तिचे गाव समजले गेले! अध्यक्षांच्या इच्छेवरून लंडनचे चाकू-कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी त्या वडीच्या तुकड्यातून एक लहानसा चाकू घडविला आणि ते या पोलादावर इतके खूश झाले, की आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्यांनी त्याची शिफारस छापली. पुढे १८२० च्या सुमारास याच स्टोडार्ट यांच्यासोबत मायकेल फॅरडे यांनी वूट्झचे रहस्य शोधताना पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यातील काही मिश्रणे मोठ्या प्रमाणावर ओतून पाहिली गेली ती शेफील्डच्या भट्ट्यांत.

एका चाकूमागचे हात

घडीच्या चाकूला शेफील्डमध्ये ‘स्प्रिंग नाइफ’ म्हणत. खटका दाबताच उघडणारा चाकू असा त्याचा अर्थ नव्हे. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते. ती पात्याच्या मुळावर दाब देते आणि पाते उघडे वा मिटलेले राहते. दिसायला साधी असलेली ही रचना जुळविणे फार कठीण. कमान जरा ताठ राहिली तर नख मोडते, ढिली राहिली तर पाते खिशात आपोआप उघडते.

काम हातोहात फिरत असे. लोहार लालबुंद कांबीतून पाते ठोकून काढी आणि नखाने उघडण्यासाठी त्यावर खाच पाडी. मग पात्याला पाणी दिले जाई, म्हणजे तापवून एकदम थंड करायचे आणि ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा बेताने तापवायचे. पात्यावर चढणाऱ्या पिवळ्या-जांभळ्या झाकेवरून कारागीर उष्णता ओळखत असे, उष्णतामापकावरून नव्हे. तेथून पाते धार लावणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडील शिकलगाराकडे जाई. शेवटी जुळारी पाते, कमान, पितळेचे पत्रे आणि मुठीचे तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवी. मुठीत नक्षीची चकती बसविण्यासाठी लागणारी खाच तो छातीला पट्टी लावून, धनुष्यासारख्या कमानीने फिरणाऱ्या गिरमिटाने कोरत असे. पाते मिटताना होणाऱ्या आवाजावरून चाकूची पारख होई. शॉ यांच्या पिढीपर्यंत ही कानाची परीक्षा टिकून होती.

मुठीसाठी हाड, शिंपला, आबनूस, हस्तिदंत आणि हरणाचे शिंग वापरले जाई. शिंगांमध्ये भारतातील सांबराचे शिंग सर्वांत पसंतीचे, कारण ते आतून भरीव असते. सांबराची गळून पडलेली शिंगे भारतातून बोटीने शेफील्डला जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली, तेव्हा जगभरच्या चाकू-कारागिरांना पर्याय शोधावे लागले.

या विखुरलेल्या कामाचा फायदा मोठा होता. माळ्याला कलमे करण्यासाठी वाकडे पाते हवे, गाडीवानाला घोड्याच्या खुरातील खडा काढण्याची आकडी हवी, खलाशाला दोर उसविण्याचा दाभण हवा, तर प्रत्येकाची मागणी डझन-दोन डझनांतही पुरी करता येई. यंत्रे बदलावी लागत नसत, फक्त वेगळ्या माणसाकडे काम जाई. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी ‘नॉरफोक नाइफ’ नावाचा प्रचंड चाकू बनविला. त्यात ७५ पाती आणि अवजारे आहेत. तो खिशात ठेवण्यासाठी नव्हताच. शेफील्डच्या हातांना काय येते ते दाखविण्यासाठी होता. आज तो कटलर्स हॉलमध्ये आहे.

धारेची किंमत

या भव्यतेची दुसरी बाजू दगडासमोर बसलेल्या माणसाची होती. धार लावणारा लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्यासारखा पाय फाकून, फिरत्या दगडावर ओणवा होऊन काम करी. दगड कधी कधी फुटत आणि समोरचा माणूस जागीच ठार होई. त्याहून वाईट होती ती धूळ. वालुकाश्माची आणि पोलादाची बारीक पूड छातीत जाऊन फुप्फुसे निकामी होत. या रोगाला तिथे ‘ग्राइंडर्स अस्थमा’ म्हणत. आज वैद्यक त्याला सिलिकोसिस म्हणते. पाणी घातलेल्या दगडावर काम करणाऱ्यांचे त्यातल्या त्यात बरे होते. काटे कोरड्या दगडावर घासले जात. फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात शेफील्डच्या डॉ. नाइट यांच्या आधारे दिलेले आकडे सुन्न करणारे आहेत. त्यानुसार शहरात धार लावणारे सुमारे २५०० होते. त्यांपैकी काटे घासणाऱ्या दीडशे जणांत सत्तर मुले होती आणि हे लोक वयाच्या २८ ते ३२ वर्षांच्या दरम्यान मरत. सुऱ्यांना ओल्या दगडावर धार लावणारे चाळीस ते पन्नास वर्षे जगत. सर्वांत जास्त जगत ते दारुडे, कारण ते कामावर सर्वांत कमी येत!

उपाय नव्हते असे नाही. जे. एच. अब्राहम यांनी १८२० च्या दशकात लोखंडाची पूड ओढून घेणारे लोहचुंबकाचे साधन तयार केले होते. धूळ बाहेर फेकणारे पंखेही पुढे आले. परंतु अनेक कामगारांनीच त्यांना विरोध केला. काम सुरक्षित झाले तर या धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, हा त्यांचा हिशेब होता. ज्या व्यवस्थेत लवकर मरणे हेच मजुरी टिकविण्याचे साधन ठरते, तिला केवळ मालकांचा लोभ म्हणून मोकळे होता येत नाही. मालक कोण, हाच तर प्रश्न होता. खोली एकाची, वाफेची शक्ती भाड्याने देणारा दुसरा, माल देणारा व्यापारी तिसरा आणि दगडापुढे बसलेला स्वत:ला ‘मेस्टर’ म्हणविणारा. फुप्फुसांची जबाबदारी यांपैकी कोणाचीच नव्हती. १८६७ च्या कायद्याने धार लावण्याच्या कामाला कारखाना-नियमांखाली आणून पंख्यांची तरतूद केली, पण छोट्या भाड्याच्या खोल्यांत ती अमलात आणणे अवघडच राहिले. विसाव्या शतकात वालुकाश्माची जागा कृत्रिम दगडांनी घेतली, तेव्हा कुठे या रोगाचा जोर ओसरला.

धार लावणाऱ्यांच्या संघटनाही याच कोंडीतून उभ्या राहिल्या होत्या. वर्गणी थकविणाऱ्याच्या यंत्राचा पट्टा रात्री पळविणे हा त्यांचा नेहमीचा दंडक होता. प्रकरण त्यापुढेही गेले. १८६६ मध्ये करवतींना धार लावणाऱ्या एका कामगाराच्या घरात सुरुंगाच्या दारूचा स्फोट घडविण्यात आला. चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला आणि संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने मारेकऱ्यांना पैसे दिल्याची कबुली दिली. देशभर खळबळ उडाली. त्यातूनच सुरू झालेल्या विचारमंथनाचा शेवट १८७१ च्या कामगार संघटना कायद्यात झाला.

सारे काम पुरुषांचे होते असेही नाही. पाती आणि चमचे चकाकविण्याचे काम स्त्रिया करीत. डोक्याला फडके, अंगाभोवती तपकिरी कागद गुंडाळलेला आणि तोंड काळे झालेले, अशा या ‘बफर गर्ल्स’ शेफील्डच्या रस्त्यांवर दुरून ओळखू येत.

अमेरिका गेली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेफील्डचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका होता. जॉर्ज वॉस्टनहोम यांच्या ‘आयएक्सएल’ छापाचे चाकू तिथे एवढे खपत, की त्यांनी १८४८ च्या सुमारास घेतलेल्या कारखान्याला ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असे नाव दिले. पण चाकूंच्या पाठोपाठ कारागीरही तिकडे जाऊ लागले. न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डन येथे शेफील्डहून गेलेल्या कारागिरांनी ‘न्यूयॉर्क नाइफ कंपनी’ चालविली आणि ते गावच पुढे चाकूंसाठी ओळखले जाऊ लागले. १८९० मध्ये मॅकिन्ली कायद्याने आयात चाकूंवर जबर जकात बसविली आणि शेफील्डच्या घडीच्या चाकूचा अमेरिकी बाजार जवळपास मिटला. त्याच जकातीच्या आडोशाने न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत गावोगावी चाकूंचे छोटे कारखाने वाढले. आजही चालू असलेली ‘केस’ ही कंपनी त्याच काळातील.

दुसरीकडे जर्मनीतील सोलिंगेनचा माल स्वस्त होता आणि त्यातील काहींवर चक्क शेफील्डचे नाव कोरलेले असे. या लबाडीला आळा घालण्यासाठी ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे त्या कायद्यातून आली. पुढे ती जर्मन मालाची शिफारसच ठरली, हा भाग वेगळा.

न गंजणारे पाते

१९१३ च्या ऑगस्टमध्ये शेफील्डच्याच ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद ओतले. ते मूळचे बंदुकीच्या नळ्यांसाठी शोधत होते. याचे चाकू चांगले होतील हे त्यांच्या ध्यानात आले. ज्या कारागिरांना त्यांनी नमुने दिले त्यांनी नाके मुरडली. घडवायला कठीण, धार धरत नाही. ‘न कापणारा चाकू’ शोधणारा माणूस अशी ब्रिअर्लींची टिंगल झाली. हंट्समनच्या वेळची तक्रार जवळपास पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा ऐकू आली. अखेर १९१४ मध्ये मोझ्ली यांच्या ‘पोर्टलँड वर्क्स’ या कारखान्यातील व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी प्रयत्न केला. सुरुवातीला हत्यारे मोडली, पण पाती तयार झाली. व्हिनेगारमध्ये ठेवूनही डाग पडेना तेव्हा ‘स्टेनलेस’ हे नाव त्यांनीच सुचविले.

या शोधाने शेफील्डला नवे आयुष्य दिले आणि जुन्या धंद्याच्या मुळावरही घाव घातला. न गंजणारी पाती यंत्रावर पत्र्यातून कापून काढता येतात आणि असे यंत्र कुठेही बसविता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि हाँगकाँगचा माल आला. १९७१ मध्ये रॉजर्स आणि वॉस्टनहोम हे एकेकाळचे कट्टर प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. शहरातील सर्वांत मोठी ठरलेली ‘व्हायनर्स’ ही कंपनी १९८२ मध्ये बंद पडली.

मोठ्या पेढ्या बुडाल्या तेव्हा लिट्ल मेस्टरांचे काम तुटले, हे उघड आहे. पण त्यांचे खरे दुखणे वेगळे होते. एका चाकूला लोहार, पाणी देणारा, धार लावणारा आणि जुळारी असे चार-पाच हात लागत आणि प्रत्येकाला आपलेच काम येत असे. गल्लीतला शेवटचा धारवाला निवृत्त झाला, की जुळाऱ्याचे हातही रिकामे होत. उमेदवार ठेवण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. एका मोठ्या कारखान्याला सरकारी मदत मिळू शकते, संपाची बातमी होऊ शकते. तीनशे खोल्या एकेक करून बंद झाल्या तर त्याची नोंदही होत नाही. ज्या विखुरलेपणामुळे शेफील्डला कोणतीही मागणी पुरविता येत होती, त्याच विखुरलेपणामुळे धंदा वाचविण्यासाठी कोणाचा हात धरावा हे कोणालाच कळले नाही.

आज काय उरले आहे

केलहॅम आयलंड येथील औद्योगिक संग्रहालय १९८२ मध्ये सुरू झाले. केन हॉली या अवजार-विक्रेत्याने आयुष्यभर जमविलेला शेफील्डच्या हत्यारांचा प्रचंड संग्रह आता तिथे आहे. ब्रिटनमधील हस्तकलांची स्थिती नोंदविणाऱ्या ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या संस्थेने घडीचा चाकू बनविण्याची कला संकटग्रस्त कलांच्या यादीत घातली आहे. काही तरुण कारागीर पुन्हा या कामाकडे वळले आहेत; मात्र त्यांना लोहारापासून जुळाऱ्यापर्यंत सर्व कामे एकट्यानेच शिकावी लागतात. कायद्याने त्यांना नकळत एक आधार दिला. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारणाशिवायही जवळ बाळगता येतो. पाते खिळवून ठेवणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असे न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. त्यामुळे साध्या कमानीचा जुना शेफील्डी चाकूच तिथे बिनघोर खिशात ठेवता येतो.

१८३८ च्या सुमाराच्या टेलर यांच्या ‘आय विटनेस’ या चाकूंच्या पेढीने मिल्टन स्ट्रीटवरची आपली जुनी वास्तू २०१८ मध्ये सोडली. तिथे आता सदनिका आहेत. पोर्टलँड वर्क्सवरही हीच वेळ आली होती. परंतु पाचशेहून अधिक नागरिकांनी समभाग घेऊन २०१३ मध्ये ती वास्तू विकत घेतली. अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी ज्या इमारतीत व्हिनेगारचा प्रयोग केला, तिच्या भाड्याच्या छोट्या खोल्यांत आज चाकू बनविणारे, चांदीचा मुलामा देणारे आणि गिटार बनविणारे शेजारी शेजारी काम करतात.